यालू नदीवरचा अर्धा पूल

चीन आणि उत्तर कोरिया यांच्यामधून वाहणाऱ्या यालू नदीवर, चीनच्या दानदोंग शहरातल्या त्या पुलावरून चालत निघालं की नदीच्या ऐन मध्यावर पूल संपतो. शेवटी कठडा आहे, कठड्यापलीकडे पिळवटलेलं लोखंड, आणि त्याच्यापुढे पाण्यात एका ओळीत उभे असलेले नुसते दगडी खांब, थेट कोरियाच्या काठापर्यंत. हा पूल जपान्यांनी बांधला, १९११ साली पुरा झाला. नोव्हेंबर १९५० मध्ये अमेरिकी विमानांनी तो तोडला. कोरियाने पुढे आपल्या बाजूचं मोडकं लोखंड काढून नेलं. चीनने आपला अर्धा पूल तसाच ठेवला, गोळ्यांच्या खुणांसकट. लगतच दुसरा पूल आहे, तो शाबूत आहे आणि त्यावरून आगगाडी जाते. १९९० पासून त्याचं नाव चीन-कोरिया मैत्री पूल.

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं चीनमधल्या दालियानला होते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी दानदोंगची. एप्रिलच्या सुरुवातीला तिकडे छिंगमिंगची सुट्टी असते. लोक आपल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, गवत उपटतात, कागद जाळतात, खायला ठेवतात. आपल्या पितृपंधरवड्याची आठवण यावी असा दिवस. त्या सुट्टीत ती मला घरी घेऊन गेली आणि जाता जाता हा पूल दाखवला. पुलाच्या तोंडाशी एक मोठं शिल्प आहे. पुढे सेनापती पेंग दहुआई, मागे सैनिक, सगळे नदीपलीकडे निघालेले. त्याबद्दल सांगताना मैत्रीण एक शब्द सारखा वापरत होती, ‘चीयुआनच्युन’. मी अर्थ विचारला. ‘स्वयंसेवकांची सेना,’ ती म्हणाली.

‘स्वयंसेवक’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे येतात ते वारीत पाणी वाटणारे, पुरात होड्या घेऊन धावणारे, आपल्या मनाने आलेले लोक. ऑक्टोबर १९५० मध्ये या नदीच्या पलीकडे गेले ते चिनी लष्कराच्या खड्या फौजेतले सैनिक होते, वरून हुकूम आला म्हणून निघालेले. ८ ऑक्टोबरला माओंनी काढलेल्या आदेशात त्यांना हे नाव मिळालं. चीनला अमेरिकेशी उघड युद्ध पुकारायचं नव्हतं. सरकार लढत नाही, आमचे काही लोक शेजाऱ्याच्या मदतीला आपणहून गेलेत, असं जगाला सांगायचं होतं. राज्यकर्त्यांना अशी पळवाट लागते हे मला समजतं. पण ज्याच्या अंगावर तो शब्द चढवला, त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या कठड्यापाशी उभं राहिल्यापासून मला सोडत नाही.

हा निर्णय सहज झालेला नव्हता, हेही सांगायला हवं. उत्तर कोरियाचा नेता किम इल-सुंग मे १९५० मध्ये बीजिंगला येऊन माओंना भेटला, तेव्हा स्तालिनने त्याला आधीच होकार दिलेला होता. २५ जूनला उत्तर कोरियाने दक्षिणेवर चाल केली. १५ सप्टेंबरला अमेरिकी फौज इंचॉनला उतरली आणि किमची सगळी बाजू उलटली. १ ऑक्टोबरला, म्हणजे लाल चीनच्या पहिल्या वाढदिवशी, किमने मदतीची याचना करणारं पत्र लिहिलं. चीनचं स्वतःचं घर अजून सावरलेलं नव्हतं. वर्षानुवर्षांची यादवी नुकती संपली होती. बहुतेक नेते जायला नको म्हणत होते. सेनानी लिन बियाओने प्रकृतीचं कारण देऊन सेनापतिपद नाकारलं.

दुसऱ्या बाजूला, ओठ गेले की दात गारठतात ही जुनी चिनी म्हण होती. कोरिया म्हणजे ओठ, यालूच्या अलीकडचा चीनचा मंचुरिया प्रांत म्हणजे दात. देशातले मोठे कारखाने मंचुरियात, त्यांना लागणारी वीज याच यालूवरच्या धरणातून येणारी. शिवाय ऋण होतं. चीनच्या यादवीत हजारो कोरियन वंशाचे सैनिक माओंच्या बाजूने लढले होते. माझ्या मते शेजारधर्म आणि स्वार्थ इथे इतके एकमेकांत मिसळले होते की कोणता कुठे संपतो हे खुद्द माओंनाही सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यातल्या दोन रात्री मला फार जवळच्या वाटतात. पहिली २ ऑक्टोबरची. मध्यरात्र उलटून गेल्यावर चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं. अमेरिकी सैन्याने दोन कोरियांना विभागणारा ३८वा अक्षांश ओलांडला तर चीन गप्प बसणार नाही, हा निरोप त्यांना अमेरिकेपर्यंत पोचवायचा होता, आणि अमेरिकेशी बोलायला दुसरा दरवाजा नव्हता. पणिक्करांनी निरोप पोचवला. वॉशिंग्टनमध्ये त्यांना चीनच्या बाजूचा माणूस समजत, तेव्हा तो कोणी मनावर घेतला नाही. खरा निरोप, खरा निरोप्या, आणि ऐकणाऱ्याने कान बंद केलेले. पुढे जे लाखो लोक मेले त्यांच्या हिशेबात ही एक रात्र धरलीच पाहिजे.

दुसरी ४ ऑक्टोबरची. पेंग दहुआईला शीआनहून अचानक विमानाने बीजिंगला आणलं. त्याला वाटलं होतं, पश्चिमेकडच्या बांधकामाच्या योजनांबद्दल विचारतील. बैठकीत विषय निघाला कोरियाचा. रात्री हॉटेलात त्याला झोप लागेना. मऊ स्प्रिंगच्या गादीची सवय नाही म्हणून असेल असं वाटून तो खाली गालिच्यावर येऊन पडला. तिथेही झोप नाही. पुढे आयुष्याच्या पडत्या काळात त्याने हे स्वतःच लिहून ठेवलं. शेतकऱ्याच्या घरातून आलेला, पोटासाठी लहानपणीच खाणीत राबलेला हा माणूस जमिनीवर पडून रात्रभर विचार करत होता. सकाळी उठून त्याने जाण्याच्या बाजूने मत दिलं. १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अंधार पडल्यावर सैन्य नदी ओलांडू लागलं. तो स्वतः त्यांच्याही पुढे, मोजकी माणसं घेऊन जीपमधून पलीकडे गेला.

मैत्रिणीचे आजोबा त्यानंतर गेले, नोव्हेंबरमध्ये, नदीच्या वरच्या अंगाने. ते शानतुंगचे. त्यांची तुकडी तिथून थेट आगगाडीत चढवलेली, अंगावर पूर्वेकडच्या सौम्य हिवाळ्याचे कपडे. जाड कोट वाटेत मिळायचे होते. शेनयांगला गाडी थोडा वेळ थांबली, तिथल्या सैनिकांनी आपल्या अंगावरचे कोट काढून दिले, पण ते सगळ्यांना कुठून पुरणार? उत्तर कोरियातल्या चांगजिन सरोवराच्या डोंगरात उणे तीस अंशांच्याही खालची थंडी. विमानांना दिसू नये म्हणून दिवसा बर्फात निपचित पडून राहायचं, रात्री चालायचं, चूल पेटवायची नाही. आजोबा परत आले ते डाव्या पायाची बोटं तिथे ठेवून. ते दहा वर्षांपूर्वीच वारले होते. हे सगळं मला त्यांच्या बायकोने, मैत्रिणीच्या आजीने सांगितलं, आणि नातीने मला समजेल अशा सोप्या चिनीत.

आजी बोलता बोलता कढईत पीठ भाजत होती. गव्हाचं पीठ, त्यात थोडं सोयाबीनचं आणि ज्वारीसारख्या काओलियांगचं, आणि मीठ. वास आला आणि मी एकदम आमच्या कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात. सातूचं पीठ! चूल न पेटवता खाता यावं म्हणून सैनिकांना हेच दिलेलं असे. गळ्यात लांबोडकी कापडी पिशवी, मूठभर पीठ तोंडात टाकायचं आणि वर बर्फ खायचा. एवढ्या फौजेला पुरेल इतकं पीठ मंचुरियात भाजून होईना, म्हणून त्या नोव्हेंबरात बीजिंगमधल्या कचेऱ्यांतून, शाळांतून कढया मांडल्या होत्या. पंतप्रधान चौ एन लाय स्वतः पीठ भाजायला बसले होते. मला चौंची ही प्रतिमा खोटी वाटत नाही. मुत्सद्दी म्हणून त्यांनी जे केलं त्यातलं पुष्कळ मला पटत नाही, पण कढईपाशी उभा असलेला तो माणूस खरा असावा.

आजोबांनी परत आल्यावर हे पीठ कधी तोंडात घातलं नाही. आजी ते दरवर्षी छिंगमिंगला भाजते, त्यांच्या परत न आलेल्या सोबत्यांसाठी.

‘त्यांना विचारलं होतं का, जायचं का म्हणून?’ मी धीर करून विचारलं. नातीने विचारलं की नाही, कसं विचारलं, कळलं नाही. आजीने फक्त एवढंच सांगितलं, की सगळ्यांनी हात वर केले होते.

ज्याला तो शब्द पुरता लागू पडतो असा एक जण मला ठाऊक आहे. माओंचा थोरला मुलगा, माओ आनयिंग. वय २८. तो आपणहून पुढे आला आणि रशियन दुभाषा म्हणून पेंगच्या मुख्यालयात गेला. त्याची आई यांग कायहुई हिला १९३० मध्ये, तो आठ वर्षांचा असताना, माओंची बायको म्हणून गोळी घातली होती. त्यानंतर धाकट्या भावाबरोबर शांघायच्या रस्त्यांवर वाढलेला, मग रशियात पाठवलेला हा मुलगा. लग्न होऊन वर्षही पुरतं झालं नव्हतं. बायको ल्यू सोंगलिन अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती. तिथे येऊन तो म्हणाला, मी लांबच्या प्रवासाला निघालोय, पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. कुठे ते सांगितलं नाही. २५ नोव्हेंबर १९५० ला मुख्यालयावर नापामचे, आग लावणारे बॉम्ब पडले, त्यात तो जळून गेला.

माओंना ही बातमी चौंनी काही आठवडे सांगितली नाही. माओंनी ती सुनेला जवळजवळ तीन वर्षं सांगितली नाही. ती सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांकडे जायची, नवऱ्याचं पत्र का येत नाही म्हणून विचारायची, आणि तो माणूस काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचा. युद्ध थांबल्यावर १९५३ मध्ये तिला कळलं की आपण केव्हाच्याच विधवा आहोत. या घटनेपाशी मी दर वेळी थांबते. लाखो घरांतून मुलं पाठवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात एक वाक्य उच्चारता आलं नाही. मुलाचं प्रेत आणायचं का असा प्रश्न आला, तेव्हा बाकीच्यांबरोबर तिकडेच राहू दे असं माओंनी ठरवलं. उत्तर कोरियात होएचांगला त्याचं थडगं आहे.

दोस्त एकमेकांच्या गळ्यात गळे घालून लढले असं जर कोणाला वाटत असेल तर ते तसं नव्हतं. आपल्या सैन्याची सूत्रं चिन्यांच्या हाती द्यायला किम तयार नव्हता. स्तालिनने सांगितल्यावर डिसेंबर १९५० मध्ये एक संयुक्त मुख्यालय झालं, पेंगच्या हाताखाली, आणि तेही जगापासून लपवलेलं. जानेवारी १९५१ मध्ये सोल हाती आल्यावर किम म्हणे पुढे चला, पेंग म्हणे माझी माणसं उपाशी आहेत, थांबा. दोघांचं कडाक्याचं वाजलं. मग रेल्वे कोणाच्या ताब्यात यावरून भांडण झालं. मी या सगळ्यात पेंगच्या बाजूची आहे. त्याला माणसं दिसत होती. चीनने पुढे जाहीर केलेला आपल्या मृतांचा आकडा १,९७,६५३ आहे.

आणि आता या पोरांना ‘जायचंय का’ हा प्रश्न जिथे विचारला गेला त्या जागेबद्दल. योगायोग असा की तिथे एक कोल्हापूरकर उभा होता. मेजर जनरल शंकरराव थोरात मूळ वडगावचे, निवृत्तीनंतर कोल्हापुरातच राहिले. आमच्या घरी आजोबा त्यांचं नाव नेहमी अभिमानाने घ्यायचे, ‘आपले थोरात कोरियात गेले होते’. लहानपणी मला वाटायचं, लढायला गेले असतील. ते गेले होते कैद्यांची राखण करायला.

युद्ध थांबवण्याची बोलणी वर्षाहून अधिक काळ एकाच मुद्द्यावर अडली होती. ज्या कैद्यांना मायदेशी परतायचं नाही, त्यांना जबरदस्तीने पाठवायचं का? शेवटी भारताने सुचवलेल्या धर्तीवर तोड निघाली. न परतणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांना सप्टेंबर १९५३ मध्ये भारतीय फौजेच्या ताब्यात दिलं गेलं. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आपल्या भूमीवर भारतीयांना पाय ठेवू देणार नाही असं बजावलं, म्हणून आपल्या जवानांना इंचॉनच्या बंदरातून बोटीवरूनच हेलिकॉप्टरने उचलून सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. त्या छावणीला नाव पडलं हिंद नगर.

कैद्यांपैकी १४,७०० चिनी होते. हेच ते ‘स्वयंसेवक’. अनेकांच्या दंडावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या, काहींनी मनाने गोंदून घेतलेल्या, काहींवर छावणीतल्या दांडग्यांनी बळाने गोंदलेल्या. एकदा चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून धरून ठेवलं. थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले, त्यांच्याशी बोलले आणि एकही गोळी न झाडता त्याला बाहेर घेऊन आले.

मग तंबू उभारले. एकेका कैद्याला आत आणायचं. चीनचे अधिकारी त्याला समजावणार, घरी चल, तुला शिक्षा होणार नाही. बाजूला भारतीय अधिकारी बसलेला. ऐकून झालं की तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एकातून गेलास तर मायदेश. दुसऱ्यातून गेलास तर पुन्हा छावणी, आणि तिथून तैवान, जिथे यादवीत माओंकडून हरलेला पक्ष गेला होता. काही जण आत येताच आरडाओरडा करत, शिव्या देत, थुंकत. काही जण नुसते उभे राहत. परत गेल्यावर तुरुंग, न गेल्यास आईबाप जन्मात पुन्हा दिसणार नाहीत, आणि मागे कुंपणात दांडगे वाट पाहताहेत. तो मोकळ्या मनाचा कौल नव्हताच. तरी यादवीपासून कोरियापर्यंत, या पोरांना समोर बसवून ‘तुला काय हवंय’ असं विचारणारी ती एक जागा होती, आणि विचारणाऱ्याच्या शेजारी आपली माणसं होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चौदा हजारांहून अधिक चिनी तैवानला गेले. परतले ते जेमतेम चारशे-साडेचारशे. आणि बारा चिनी असे निघाले, की त्यांना चीनही नको होता आणि तैवानही. ते काही कोरियनांबरोबर भारतीय फौजेच्या बोटीत बसून फेब्रुवारी १९५४ मध्ये मद्रासला उतरले.

पुढची हकीकत लवकर सांगते, कारण ती वाचताना मला त्रास होतो. १९५६ मध्ये किमने चीनशी जवळीक असलेल्या आपल्याच सहकाऱ्यांना पक्षातून हाकललं. पेंग आणि सोव्हिएत नेता मिकोयान प्योंगयांगला जाऊन त्याला दटावून आले, तेवढ्यापुरता तो नमला, मग पुन्हा जे करायचं ते केलं. १९५८ मध्ये चिनी फौज परत आली. १९५९ मध्ये पेंगने उपासमारीबद्दल माओंना खरं लिहिलं म्हणून त्याची उचलबांगडी झाली. सांस्कृतिक क्रांतीत पोरांनी त्याला मारमार मारलं, बरगड्या मोडल्या, आणि १९७४ मध्ये तो कैदेतच गेला. आज पुलाच्या तोंडाशी ब्राँझचा आहे.

११ जुलै १९६१ ला दोन्ही देशांनी करार केला, एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने तत्काळ धावून जायचं. तो अजून चालू आहे. १२ ऑक्टोबर १९६२ ला चौ एन लाय यांनी प्योंगयांगला गुपचूप सीमाकरारावर सही केली आणि सीमेवरच्या पैकतू पर्वतावरच्या सरोवराचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग कोरियाला दिला. त्यानंतर आठ दिवसांनी चिनी सैन्य नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये आमच्यावर चालून आलं. तिथे काय होणार हे थोरातांनी पूर्व विभागाचे सेनापती असताना १९५९ पासून दिल्लीला सांगून ठेवलं होतं. तोही निरोप कोणी ऐकला नाही. आणि १९९२ मध्ये चीनने दक्षिण कोरियाशी रीतसर संबंध जोडले. आधी जाऊन किमला सांगायचं काम परराष्ट्रमंत्री छ्यान छीछन यांच्याकडे आलं. म्हाताऱ्या किमने काही मिनिटांत भेट आटोपली.

त्या दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये आपल्या भूमीत पुरलेले ४३७ चिनी सैनिकांचे अवशेष परत दिले. तेव्हापासून दरवर्षी काही येतात, शेनयांगच्या स्मशानभूमीत ठेवतात. मी त्या घरी होते तेव्हा टीव्हीवर तेच दाखवत होते. झेंड्यात गुंडाळलेल्या छोट्या पेट्या, पांढरे हातमोजे घातलेले सैनिक. बहुतेकांची नावं ठाऊक नाहीत. आजीने आवाज बंद केला, पीठ एका वाडग्यात काढलं आणि नदीकडच्या खिडकीत ठेवलं. उरलेलं मला पिशवीत बांधून दिलं.

ते मी कोल्हापूरला आणलं. आईने चमचाभर तोंडात टाकलं.

‘सातूच की गं,’ ती म्हणाली. ‘पण यात मीठ कशाला?’

मग तिला सगळं सांगायला बसले, गालिच्यावर जागा असलेल्या त्या सेनापतीपासून.